चार्ल्स स्टर्टने वाळवंटात होडी का नेली?

भूगोलवेडा : ऑस्ट्रेलियातील नद्यांचा शोध घेणाऱ्या चार्ल्स स्टर्टविषयी वाचत आहे. 1830 साली त्याने मरे नदीतून थेट समुद्राचा काठ गाठला होता. तरीही 1844 साली अॅडलेडहून निघताना, खंडाच्या मध्यभागी समुद्र असेल या आशेने, त्याने सोबत होडी घेतली. एवढा अनुभवी माणूस असे का वागला असावा?

काठावरचा : त्या काळी उपलब्ध असलेली माहिती पाहिली, तर हा तर्क वेडेपणाचा वाटत नाही. आपल्या सह्याद्रीचे चित्र उलटे करून पाहा. ऑस्ट्रेलियात डोंगररांग पूर्व किनाऱ्यालगत आहे आणि मोठ्या नद्या तिथे उगम पावून पश्चिमेला, खंडाच्या आत वाहत जातात. जॉन ऑक्सले या सर्वेक्षकाने 1817-18 मध्ये लॅकलन आणि मॅक्वारी या नद्यांचा माग काढला, तेव्हा त्या दलदलीत दिसेनाशा झाल्या. मग एवढे पाणी जाते कुठे? 1829 च्या आरंभी स्टर्ट आणि हॅमिल्टन ह्यूम डार्लिंग नदीवर पोहोचले. दुष्काळाचे दिवस होते, माणसे आणि जनावरे तहानेने व्याकूळ झालेली, आणि ओंजळीत घेतलेले पाणी निघाले खारट! समुद्र जवळच असणार, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात तो खारटपणा खाऱ्या झऱ्यांचा होता.

मरेच्या प्रवासाने आग्नेयेकडील नद्यांचे कोडे सुटले, पण खंडाचा मध्य कोराच राहिला. शिवाय पक्ष्यांचे थवे वायव्येकडे जाताना स्टर्टने पाहिले होते आणि त्या दिशेला पाणी असणार, असे त्याने ताडले होते.

जुनी वही : वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र 1830 चा प्रवास एका वाक्यात उरकण्यासारखा नाही. सुट्या भागांत वाहून नेलेली होडी मरेला मिळणाऱ्या मरमबिजी नदीच्या काठावर जोडून, सोबती जॉर्ज मॅक्ले, तीन शिपाई आणि तीन कैदी यांच्यासह स्टर्ट जानेवारीत निघाला. मरे आणि डार्लिंगच्या संगमाजवळ वाळूच्या पट्ट्यावर शेकडो आदिवासी शस्त्रे घेऊन उभे होते. स्टर्टने बंदूक रोखली होती, इतक्यात आधी भेटलेला एक आदिवासी पलीकडच्या तीरावरून पाण्यात उडी घेऊन आला आणि त्याने आपल्याच लोकांना आवरले. माझ्या मते त्या मोहिमेचा खरा तारणहार तोच.

फेब्रुवारीत मरेच्या मुखाजवळचे अलेक्झांड्रिना सरोवर लागले, परंतु मुखाशी वाळूचे बांध असल्याने होडी समुद्रात नेता येईना. मग तीच नदी प्रवाहाविरुद्ध वल्हवत परत यायचे. अन्न तुटपुंजे, एकाचे डोके फिरलेले, आणि परतल्यावर काही काळ स्टर्टची दृष्टीही गेली.

भूगोलवेडा : दोघांचेही आभार. 1844 च्या होडीचे पुढे काय झाले?

काठावरचा : तिला समुद्र काही दिसला नाही. डेपो ग्लेन येथे पाण्याचा एक डोह सापडला, परंतु पुढे-मागे कुठेच पाणी नसल्याने 1845 मध्ये जवळपास सहा महिने मंडळी तिथेच अडकून पडली. उष्णता अशी, की पेन्सिलीतील शिसे गळून पडे आणि पेट्यांचे स्क्रू निखळत. माणसे रिकामी बसू नयेत म्हणून स्टर्टने जवळच्या टेकडीवर दगडांचा मनोरा रचून घेतला. जुलैत पाऊस आला आणि सुटका झाली, पण त्याच सुमारास त्याचा सहकारी जेम्स पूल स्कर्व्हीने ('क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) मरण पावला. पुढे वायव्येला गेल्यावर स्टर्टला समुद्राऐवजी लालसर दगडगोट्यांचे माळरान आणि वाळूच्या टेकड्या भेटल्या. त्या दगडी वाळवंटाला आज त्याचेच नाव आहे.

जुनी वही : जाता जाता एक : हा स्टर्ट जन्माने आपल्याकडचा. 1795 साली गंगेकाठच्या चुनार येथे, ईस्ट इंडिया कंपनीच्या एका न्यायाधीशाच्या घरी त्याचा जन्म झाला आणि पाचव्या वर्षी त्याला इंग्लंडला धाडण्यात आले.