ट्यूनिंग फोर्क: रिने आणि वेबर जुळत नाहीत, पायावर सगळेच 'हो' म्हणतात

सीएचओ_दारव्हा
मी सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी). उपकेंद्रात ५१२ आणि १२८ हर्ट्झचे फोर्क (मारल्यावर ठराविक सुरात थरथरणारे दोन दात्यांचे चिमटे) आहेत, ऑडिओमीटर (ऐकणं मोजायचं यंत्र) नाही. साठीच्या एका बाईंना डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. डावीकडे रिने (फोर्क कानासमोर आणि कानामागच्या हाडावर धरून तुलना) निगेटिव्ह, म्हणजे हाडावर जास्त ऐकू येतं; पण वेबर (फोर्क कपाळाच्या मध्यावर ठेवून आवाज कुठल्या कानात येतो ते पाहणं) उजवीकडे जातो. मळ नाही, पडदाही चांगला दिसतो. याचा अर्थ काय लावायचा?
दुसरं, शुगरच्या पेशंटच्या अंगठ्यावर १२८ चा ठेवला की जो तो "हो जी, लागून राहिलं" म्हणतो. खरं कसं ओळखायचं?

ईएनटी_वर्धा
हा खोटा रिने निगेटिव्ह दिसतो. डावा कान पूर्ण गेलेला असला तरी मास्टॉइडवरची (कानामागच्या हाडावरची) कंपनं कवटीतून उजव्या कॉक्लियाला (आतल्या कानातल्या ऐकण्याच्या अवयवाला) पोचतात, आणि बाईंना वाटतं कानामागे ऐकू आलं. वेबरवर विश्वास ठेवा. दोष पडद्याचा किंवा मधल्या कानाचा असता तर आवाज खराब कानाकडे गेला असता. इथे तो चांगल्या कानाकडे गेला, म्हणजे कॉक्लिया किंवा नस. उजव्या कानाचा ट्रॅगस (कानाच्या भोकापुढचा छोटा उंचवटा) बोटाने दाबून गोल गोल चोळत राहा, म्हणजे तो कान त्या आवाजात गुंतून राहील, आणि डावीकडे रिने पुन्हा करा. हाडावरचं ऐकू येणंही गेलं तर खात्री पटेल.

ऐकू येणं कधी गेलं, हे मात्र आधी विचारा. दोन-तीन दिवसांत एकदम गेलं असेल आणि ताजं असेल, तर थेंब देऊन घरी पाठवू नका. त्याच दिवशी ईएनटीकडे पाठवा. स्टेरॉइडचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत जास्त असतो.

फोर्क टेबलावर आपटू नका, वरचे सूर मिसळतात. स्वतःच्या कोपरावर किंवा गुडघ्यावर हलकेच मारा. हवेत धरताना दोन्ही दाते कानाच्या भोकाच्या रेषेत हवेत, जवळचा दाता साधारण २ सेंमीवर. देठ बोटांत हळूहळू फिरवून स्वतःच ऐका: दाते तिरपे झाले की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. बरेच चुकीचे रिने इथेच होतात. दात्यांना केस, पदर किंवा चष्म्याची काडी लागली तरी फोर्क लगेच मरतो.

फिजिशियन_चंद्रपूर
पायाबद्दल: "लागतं का?" विचारलंत तर थंड लोखंड लागतंच, म्हणून 'हो' येतं. "झणझण होते का?" हेही नको, त्यांच्या पायात ती आधीच असते. आधी कोपरावर किंवा मनगटावर वाजता फोर्क ठेवून "ही थरथर" असं दाखवा, मग हाताने दाते धरून थांबवा आणि "ही बंद" म्हणून दाखवा. आता डोळे मिटायला सांगा. अंगठ्याच्या शेवटच्या सांध्यापुढे, नखाच्या जरा मागे हाडावर फोर्क सरळ उभा ठेवा, दाब तोच ठेवा. तीनदा ठेवायचा, त्यात एकदा न वाजवता. तीनपैकी दोन उत्तरं चुकली तर तो पाय धोक्यात धरा. मग घोट्यावर, तिथेही नाही तर गुडघ्याखालच्या हाडावर पाहा. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (ठराविक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा) सोबत वापराच. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२ ची कमतरता सुद्धा डोक्यात ठेवा.

आपल्या भागात एक गोष्ट फार महत्त्वाची: थरथर कळते म्हणून कुष्ठरोग नाही असं कधीच धरू नका. त्यात आधी नसांमधले बारीक तंतू जातात, म्हणजे गरम-थंड, दुखणं आणि हलका स्पर्श. थरथर बरेचदा शेवटपर्यंत टिकते. चट्टा असेल तर तिथली संवेदना वेगळी तपासा, नसा चाचपून पाहा.

ऑडिओलॉजिस्ट_अकोला
रिने पॉझिटिव्ह (हाडापेक्षा हवेतून जास्त ऐकू) आला म्हणजे कान ठीक, असं नाही. हवा आणि हाड यांत साधारण २०-२५ डेसिबलचा फरक पडल्याशिवाय ५१२ वर रिने उलटत नाही. त्याखालचा दोष निसटतो. जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) वर्षानुवर्षं काम केलेल्यांचं ऐकणं आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात उतरतं. टीबीसाठी अमिकासिनची इंजेक्शनं घेतलेल्यांचंही आधी वरच्या सुरांचंच जातं. दोन्ही कान सारखेच गेले की वेबर मधोमध, रिने पॉझिटिव्ह, आणि पेशंट मात्र "बोलणं ऐकू येते, समजत नाही" म्हणतो. अशांना फोर्कवर न अडवता थेट ऑडिओमेट्रीला पाठवा.

सीएचओ_दारव्हा
आमच्या १२८ च्या दात्यांना वजनं लावलेली आहेत. ती काढून वापरला तर चालेल का?

ऑडिओलॉजिस्ट_अकोला
नाही. वजनं काढली की फोर्क १२८ चा राहत नाही, वारंवारता वर जाते. दोन्ही वजनं खुणेवर समान ठेवा आणि स्क्रू घट्ट करा. ढिला स्क्रू स्वतःच खरखरतो आणि थरथर लवकर विझते.