प्रतिसाद: सत्तेचा मोह आणि साधना

राजीनामा देऊन साधनेला लागण्याचा विचार आपण मांडला आहे. पदाची आकांक्षा सोडून आत्मोन्नतीच्या मार्गाला लागणे म्हणजे जबाबदारीतून पळ काढणे होय, हे त्यावर मांडले गेलेले मत मला पटत नाही. संत गाडगेबाबांनी १९०५ साली घरदार सोडले. परंतु गावात शिरताच हाती खराटा घेऊन रस्ते झाडणाऱ्या, रात्री कीर्तनातून लोकांना शहाणे करणाऱ्या आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारूनही स्वतःसाठी काहीच न ठेवणाऱ्या त्या माणसाला पळपुटा कोण म्हणेल? आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या, म्हणजे गादीवर बसूनही निःस्वार्थ राहता येते, हे मान्य. मात्र असा राजा विरळाच. बहुतेकांचे आयुष्य खुर्ची टिकवण्यातच सरते.

२०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ओसरल्यावर अनोळखी घरांतला गाळ खोऱ्याने उपसणारी, भिजलेली अंथरुणे बाहेर काढणारी आणि नाव विचारताच ‘ऱ्हाऊ दे की’ म्हणून पुढच्या दारात जाणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना साधक म्हणताना मला मुळीच संकोच वाटत नाही. राजीनामा देण्याआधी आपण वर्षभर असे एखादे काम नाव न सांगता करून पाहावे, असे मी मनापासून सुचवतो.