मंडळी गात नाही, नुसती ऐकत उभी राहते

प्रश्न: आमच्या चर्चच्या उपासनेत पेटी, गिटार, माइकवर चार गायक, सगळं आहे. तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत मंडळीचा, म्हणजे उपासनेला जमलेल्या लोकांचा, आवाज बसतो. कुठे चुकतंय?

उत्तर १: आधी पट्टी बघा, म्हणजे पेटीवर सा कुठे धरलाय ते. चाल तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या सापर्यंत, जात असेल तर पांढरी चार (चौथ्या पांढऱ्या पट्टीवर सा) सामान्य गळ्याला झेपत नाही. वर ताण आला की लोक गप्प होतात. पांढरी दोनवर आणा, तीन अर्धस्वरांचा फरक पुरतो. आणि कडव्यांमध्ये श्वासाला जागा ठेवा, सगळ्यांना एकदम उचलता येईल अशी.

उत्तर २: पट्टीइतकाच माइकही नडतो. शेजारच्याचा आवाज ऐकू आला नाही की माणूस गात नाही. गायकांचा आवाज कमी करा, एक कडवं वाद्यांशिवाय घ्या. १५२४ मध्ये मार्टिन ल्यूथरच्या चर्चसुधारणेची जर्मन गीतपुस्तकं छापली गेली ती लोकांनी स्वतःच्या भाषेत गावं म्हणूनच. गायनवृंदाने मंडळीला आधार द्यावा, तिची जागा घेऊ नये.

उत्तर ३: नवी गीतं किती घेता? एका उपासनेत एकच, तेही सलग तीन-चार रविवार. तोंडपाठ झालेलं गीतच आजारपणात, अंत्यविधीला पुस्तकाविना ओठांवर येतं. दर आठवड्याला यादी बदलली तर पाठ होणार कधी?