लंडनहून पॅरिस: आईबाबांना घेऊन कसं जावं?

मूळ प्रश्न

ऑक्टोबरमध्ये आईबाबांना लंडनहून पॅरिसला न्यायचं आहे. आई ७१, बाबा ७६. आई सपाट रस्त्यावर छान चालते, पण गुडघ्यांमुळे जिना एकेक पायरी करत चढते. दोन मोठ्या बॅगा, एक छोटी. मुक्काम गार द ल्यों स्टेशनजवळ, चार रात्री. फ्रान्ससाठी लागणारे शेंगेन व्हिसा आले आहेत. बस सगळ्यात स्वस्त दिसतेय, मग विमान, रेल्वे सगळ्यात महाग. तुम्ही काय निवडाल?

प्रतिसाद १

रेल्वे. आणि तिकीट आजच काढा, कारण युरोस्टारचं, म्हणजे लंडन-पॅरिस रेल्वेचं भाडं विमानासारखंच दिवस जवळ येतील तसं चढत जातं.

मी सासूबाईंना घेऊन हाच प्रवास केला आहे. सेंट पँक्रास स्टेशनवर सामानाची तपासणी होते आणि फ्रेंच सीमा पोलीसही पासपोर्ट तिथेच पाहतात, गाडीत बसण्याआधी. सव्वादोन-अडीच तासांनी पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनला उतरलो की पुन्हा रांग नाही. म्हाताऱ्या माणसांना हे किती सोपं पडतं ते बरोबर असल्याशिवाय कळत नाही. माणशी दोन बॅगा आणि एक हातातली, एवढं नेता येतं. फक्त बॅगा आपल्याच आपण चढवायच्या असतात. समुद्राखालचा बोगदा ५० किलोमीटरचा, वीसेक मिनिटं बाहेर काळोख. सासूबाई समुद्र दिसेल म्हणून खिडकीशी बसून होत्या, तेव्हा आईंना आधीच सांगून ठेवा.

माझी चूक झाली ती पॅरिसला पोहोचल्यावर. आमचं हॉटेल चार नंबरच्या मेट्रोवर होतं, मध्ये गाडी बदलायची नव्हती, नकाशावर सरळ रेघ. मी फक्त मिनिटं मोजली, पायऱ्या मोजल्याच नाहीत. उतरल्यावर जिना, मग वळण, मग परत जिना. दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर सासूबाई पायरीवरच बसल्या. काही बोलल्या नाहीत, नुसता माझा हात धरून ठेवला. एका अनोळखी मुलीने बॅग वर नेऊन दिली. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही कुठेच गेलो नाही.

पॅरिसच्या मेट्रोत सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट असलेला मार्ग एकच आहे, १४ नंबरचा. तो १९९८ साली सुरू झाला, बाकीचं जाळं बरंचसं शंभर वर्षांपूर्वीचं. तुमचं हॉटेल नेमकं त्याच मार्गावर आहे, हे फार चांगलं झालं. गार द ल्योंहून पुढचंच स्टेशन शातले, त्यापुढचं पिरामिद, तिथून लूव्र संग्रहालय चालत. बाकी सगळीकडे बसने फिरा. बसचा तळ जमिनीलगत असतो, खिडकीतून शहरही दिसतं. जानेवारी २०२५ पासून बसचं आणि मेट्रोचं तिकीट वेगळं झालंय. मेट्रोचं तिकीट बसमध्ये चालत नाही, हे लक्षात असू द्या.

गार द्यू नॉरहून हॉटेलपर्यंत मात्र टॅक्सीच करा. आरईआर डी या लोकलने दोनच स्टेशनं आहेत, पण त्या गर्दीत दोन मोठ्या बॅगा आणि आई दोन्ही सांभाळणं जमणार नाही. टॅक्सी स्टेशनबाहेरच्या अधिकृत रांगेतूनच घ्या. आत कुणी जवळ येऊन ‘टॅक्सी?’ विचारलं तर नकारार्थी मान हलवायची आणि पुढे चालायचं.

प्रतिसाद २

विमान अगदीच बाद करू नका. ओर्ली विमानतळावर उतरणारं मिळालं तर जून २०२४ पासून तीच १४ नंबरची मेट्रो विमानतळापर्यंत जाते. म्हणजे थेट गार द ल्यों, लिफ्टसकट. विमानतळाचं तिकीट वेगळं असतं, २०२५ मध्ये १३ युरो होतं. शार्ल द गोलला उतरलात तर आरईआर बी धरून मध्ये बदलावं लागेल. तिथून टॅक्सीचे दर ठरलेले असतात. २०२५ मध्ये सेन नदीच्या उजव्या तीरापर्यंत ५६ युरो, डाव्या तीरापर्यंत ६५. गार द ल्यों उजव्या तीरावर.

प्रतिसाद १ (पुन्हा)

ओर्लीचा मुद्दा बरोबर आहे, मला सुचला नव्हता. पण लंडनच्या बाजूचाही हिशेब करा: विमानतळ गाठायचा, सुरक्षा तपासणी, विमानाच्या दारापर्यंतची लांबलचक चाल, आणि उतरल्यावर पासपोर्टची रांग. सव्वा तासाच्या उड्डाणासाठी अर्धा दिवस उभ्याने जातो.

बस मात्र नकोच. आठ-नऊ तास लागतात, आणि सीमेवर सगळ्यांना खाली उतरून पासपोर्ट दाखवावे लागतात. रात्रीची बस असेल तर ते ऐन झोपेत. तुम्ही एकट्या असतात तर मीच म्हटलं असतं, जा.

मूळ प्रश्नकर्ती

रेल्वेची तिकिटं काढली, मंगळवार सकाळची. बाबा बोगद्याबद्दल वाचत बसलेत. टॅक्सीचंही ठरलं. परतीचं काही वेगळं असतं का?

प्रतिसाद १

परतताना ब्रिटिश पासपोर्ट तपासणी गार द्यू नॉरलाच होते, म्हणून ब्रिटनचा व्हिसा हातात ठेवा आणि वेळेच्या बऱ्याच आधी पोहोचा. लंडनच्या गाड्यांचा विभाग वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, समोर जिना दिसला तरी आईंना तिकडे वळू देऊ नका. व्हीलचेअर किंवा मदतनीस हवा असेल तर तो आधी कळवावा लागतो, आत्ताच सांगून टाका. आई ‘कशाला, चालेन मी’ म्हणतील. तरीही सांगा.