फॅमिली ग्रुप: ईशासाठी स्नोमोबिल कोणती घ्यावी?

केतकी: इथे मिनेसोटात ड्युलुथला आल्यापासून ईशा मागे लागलीये स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, घ्या म्हणून. ती १४ ची, उंची जेमतेम पाच फूट, मी पण तेवढीच. ऑफिसातला एक जण जुनी ८०० सीसीची स्वस्तात देतोय, निखिलदादा घेऊ का?

निखिल: नको गं, अजिबात नको!! वाढत्या अंगाचा फ्रॉक घेतो तशी ही गाडी घ्यायची नसते. ८०० म्हणजे दीडशेच्या आसपास हॉर्सपॉवर आणि थ्रॉटल म्हणजे स्पीड वाढवायची कळ अंगठ्याची, खड्ड्यात दणका बसला की नवीन माणूस हँडल घट्ट धरतो, अंगठा आपोआप दाबला जातो आणि गाडी अजून पळते, झाडाकडे पळाली की संपलं.

सुधीरकाका: मग ती लहान मुलांची २०० सीसीवाली?

निखिल: काका ती आर्क्टिक कॅटची झेडआर २००, आठ-दहा वर्षांच्या पोरांना मस्त, पण ईशाला आत्ताच आखूड पडेल. मधल्या साइजच्या बघा. पोलारिसची इंडी इव्हो, ५५० सीसी, सीट खाली, पुढच्या दोन स्कीजमधलं (घसरपट्ट्यांमधलं) अंतर कमी, आणि स्पीड कंपनीनेच ताशी ५० मैलांवर बांधलेला. स्की-डूची एमएक्सझेड निओ ४० हॉर्सपॉवर, निओ प्लस ५५. आर्क्टिक कॅटची ब्लास्ट ४०० सीसी, हलकी आहे पण ६५ हॉर्सपॉवरच्या घरातली, ईशाची पहिली गाडी म्हणून मी देणार नाही.

केतकी: मग इव्हो की निओ?

निखिल: ईशासाठी इव्हो. इंजिन पंख्याने थंड होतं. निओसारख्या लिक्विड कूलिंगवाल्या गाडीला ट्रॅकने (खालच्या फिरत्या पट्ट्याने) उडवलेला बर्फ खालून लागावा लागतो, ट्रेल म्हणजे बर्फातली वाट घासून कडक झाली की ती तापते, इव्होला तो ताप नाही. तूच जास्त चालवणार असशील तर निओ प्लस. पण कागदावर ठरवू नका, शोरूममध्ये जाड जॅकेट, बूट, ग्लोव्हज घालून दोघींनी बसा, हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, बाहेरच्या हाताला ग्रिप धरायला खांदा ओढावा लागला तर गाडी मोठी आहे. ग्लोव्हजमध्ये बोटं ब्रेकवर पोचतात का तेही बघ. इलेक्ट्रिक स्टार्ट आणि रिव्हर्स असलंच पाहिजे, थंडीत दोरी ओढून आणि मागचं टोक उचलून वळवून तुम्ही दोघी दमाल.

मंदामावशी: गुलमर्गला मी ड्रायव्हरच्या मागे बसले होते तरी पोटात गोळा आला होता. ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर ना रे, पोरीला एवढा स्पीड कशाला?

निखिल: मावशी बरोबर आहे तुझं, पहिला सीझन शेतात आणि सपाट ट्रेलवर हळूच, मी स्वतः पुढे राहीन. ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, म्हणजे केतकी तुलाही, दोघी एकदमच कोर्स करा. १८ च्या आत हेल्मेट कायद्यानेच आहे, ते तिच्या मापाचंच हवं. आणि टेदरची दोरी जॅकेटला अडकवल्याशिवाय गाडी चालू करायची नाही, पडली की इंजिन तिथेच बंद होतं.

सुधीरकाका: तळ्यावर नेऊ नका हं.

निखिल: तळ्यावर गोठलेला नवीन स्वच्छ बर्फ किमान पाच इंच जाड पाहिजे काका, आणि स्नोखाली झाकलेला बर्फ फसवतो. पहिल्या वर्षी तळं नाहीच.

केतकी: ८०० वाल्याला नाही सांगते. शनिवारी शोरूमला जातोय, तू येतोस का दादा? ईशा म्हणतेय रंग ती ठरवणार.

निखिल: येतो. बूट आठवणीने घ्या, स्नीकर्समध्ये उंची कळत नाही.