मदत हवी आहे : लॅपटॉपवर एकाच प्रोग्रॅममधील मराठी अक्षरे पुसट दिसतात

माझ्या १४ इंची लॅपटॉपवर विंडोज ११ असून पडद्याचे मूळ रिझोल्यूशन १९२० × १०८० आहे. स्केलिंग (पडद्यावरील मजकूर व चिन्हे मोठी करून दाखवण्याचे प्रमाण) १५० टक्के ठेवल्यावर ब्राउझरमधील मजकूर स्वच्छ दिसतो. परंतु हिशेबाच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘खर्ची’ या शब्दातील रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळून नुसता काळा डाग उरतो. स्क्रीनशॉट दुसऱ्या संगणकावर पाहिला तरी पुसटपणा तसाच राहतो, त्यामुळे दोष पडद्याचा नसावा.

रिझोल्यूशन १३६६ × ७६८ केल्यास सगळाच पडदा धूसर होतो (ते मूळ माप नसल्याने तसे होणारच), आणि स्केलिंग १०० टक्के केल्यास अक्षरे रेखीव, पण वाचवणार नाहीत इतकी बारीक होतात. क्लिअरटाइप (अक्षरे स्वच्छ दिसण्यासाठीची विंडोजमधील सोय) नव्याने जुळवले आहे, ग्राफिक्स ड्रायव्हरही अद्ययावत आहे. प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमधील कम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये हाय डीपीआय स्केलिंगसाठी (म्हणजे अक्षरे मोठी कोणी करायची हे ठरवण्यासाठी) ‘ॲप्लिकेशन’, म्हणजे प्रोग्रॅम स्वतः, निवडल्यावर तीच बारीक अक्षरे मिळतात, तर ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ने, म्हणजे विंडोजच्या सुधारित पद्धतीने, काहीच फरक पडत नाही.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघत नाही आणि त्यात फॉन्टचा आकार बदलण्याची सोय नाही. अशा स्थितीत इतर प्रोग्रॅमचे स्केलिंग १५० टक्केच ठेवून केवळ याच प्रोग्रॅममधील अक्षरे मोठी आणि रेखीव दिसतील, अशी एखादी सेटिंग आहे का?