विहीर एक, वाटेकरी तीन: शेतजमिनीचं मृत्युपत्र कसं लिहावं?

शिवारवाट (प्रश्न)
महाराष्ट्रातलं हिंदू शेतकरी कुटुंब. शेतकरी, पत्नी, दोन मुलगे, एक लग्न झालेली मुलगी. जमिनीचे दोन गट आहेत. 2 हेक्टर बागायत स्वतः खरेदी केलेली, विहीर त्यातच. 1 हेक्टर 20 आर जिरायत वडिलांकडून आलेली. दोन्ही सातबारे शेतकऱ्याच्या एकट्याच्या नावावर. बागायत मुलांना निम्मी-निम्मी आणि जिरायत मुलीला द्यायचा विचार आहे. नंतर भानगड होऊ नये म्हणून मृत्युपत्रात काय काय यायला हवं? नोंदणी करावीच लागते का?

गटवारी
आधी एक गैरसमज काढून टाका. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव म्हणजे जमीन एकट्याची, असं नाही. जमीन आली कशी यावर सगळं ठरतं, त्यामुळे दोन्ही गटांचे जुने फेरफार (सातबाऱ्यावर नावं कशी बदलत गेली त्या नोंदी) काढल्याशिवाय मृत्युपत्राला हात घालू नका.

बागायतीचं खरेदीखत असेल तर ती हवी त्याला देता येते. फक्त खरेदीच्या वेळी कुटुंब एकत्र असेल तर "घरच्या शेतीच्या पैशातून घेतली" असा दावा पुढे येऊ शकतो. पैसा पगाराचा, कर्जाचा, जिथून आला असेल ते एका वाक्यात लिहा आणि कागद जपून ठेवा.

खरी मेख जिरायतीत आहे. शेतकऱ्याच्या वडिलांनी ती स्वतः कमावलेली असेल आणि ते हिंदू वारसा कायदा (1956) आल्यावर मृत्युपत्र न करता वारले असतील, तर शेतकऱ्याच्या वाट्याला आलेलं क्षेत्र त्याचं स्वतःचं. पण जमीन पिढीजात असेल तर मुलगे जन्मतःच हिस्सेदार, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही. मग कलम 30 प्रमाणे शेतकरी मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतो. हिस्सा काढताना मृत्यूच्या आधी वाटप झालं असं मानतात आणि त्यात पत्नीलाही मुलाइतका वाटा धरतात. म्हणजे इथे 120 आरचे पाच हिस्से, प्रत्येकी 24 आर. "सगळी जिरायत मुलीला" असं लिहिलं तरी बापाचे 24 आणि तिचे स्वतःचे 24, एवढेच 48 आर तिला पक्के. उरलेल्या 72 आरसाठी मुलांनी आणि आईने तिच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायला हवं. ते मृत्युपत्राने भागत नाही.

बांधकरी
"निम्मी-निम्मी" हा शब्द मृत्युपत्रात आला की दावा आलाच म्हणून समजा. निम्मी कुठली? भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या आणि मग गट नंबर, पोटखराब (लागवडीला न येणारा भाग) वगळून क्षेत्र, "उत्तरेकडील 1 हेक्टर", चतुःसीमा असं लिहा. मोजणीच्या नकाशाची प्रत जोडा. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्रही (तुकडा किमान केवढा हवा ते) तपासून घ्या. 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीला 20 आर आणि बागायतीला 10 आर आहे. त्याहून लहान तुकडा पडत असेल तर वेगळा सातबारा अडतो. वर सांगितलेले 24 आरचे हिस्से या रेषेच्या जेमतेम वर आहेत, हे ध्यानात ठेवा.

विहिरीवर मात्र सविस्तर लिहा, कारण भांडण जमिनीपेक्षा पाण्यावरून जास्त होतं. विहीर, भोवतीची जागा आणि मोटारीची खोली समाईक ठेवायची का? पाळी कोणाची, किती दिवसांची? वीजजोडणी कोणाच्या नावे होणार, बिल कसं वाटायचं? गाळ काढण्याचा खर्च कोण देणार? पाइपलाइन भावाच्या वाट्यातून जात असेल तर ती राहण्याचा आणि दुरुस्तीला आत जाण्याचा हक्क लिहायलाच हवा. रस्त्याचंही तसंच: कोणत्या बांधाने, किती फूट, बैलगाडी की ट्रॅक्टर. हे राहिलं तर भाऊ-भाऊ तहसीलदाराकडे रस्ता मागत बसतात.

विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा सातबाऱ्यावर असेल तर जमीन बोजासकट जाते. कोणी फेडायचा ते ठरवून लिहा.

शिवारवाट
दोघांचे आभार. मुलांऐवजी बागायत पत्नीला हयातीपर्यंत आणि तिच्यानंतर मुलांना, असं लिहिलं तर?

मुनीमजी
जपून. पत्नीच्या पोटगीच्या हक्कापोटी जमीन दिली असा अर्थ निघाला तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14(1) खाली "हयातीपर्यंत"ची अट गळून तीच पूर्ण मालक होऊ शकते. सुप्रीम कोर्टाच्या 1977 च्या तुलसम्मा निकालापासून यावर कोर्टात खल चाललाय. तिची सोय हवी असेल तर मालकी मुलांना द्या आणि तिला घरात राहण्याचा हक्क, दरवर्षी ठरावीक रक्कम किंवा धान्य मुलांनी द्यावं असं लिहा.

नोंदणी ऐच्छिक आहे, मुद्रांक लागत नाही. पण नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र आपोआप शाबीत होत नाही. वाद झाला की दोनपैकी निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागतं, म्हणून साक्षीदार शेतकऱ्याहून तरुण, सहज सापडणारे आणि काही न मिळणारे निवडा. शेतकऱ्याने सही केलेली त्यांनी पाहायला हवी किंवा "ही माझीच सही" असं त्याच्याकडून ऐकायला हवं. त्यांच्या सह्या त्याच्यासमोर. अंगठा असेल तर मजकूर वाचून दाखवल्याचं लेखनिकाने लिहावं. डॉक्टरचा दाखला त्याच दिवसाचा.

ज्याला जास्त मिळतंय त्यानेच वकील गाठणं, टायपिंग करून आणणं, साक्षीदार गोळा करणं ही सगळ्यात मोठी चूक. कोर्टाला तिथेच संशय येतो. कमी वाटा कोणाला आणि का, हे दोन ओळींत सांगा, उदाहरणार्थ लग्नात किंवा घरासाठी आधी काय दिलं ते. "याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" आणि "उल्लेख राहिलेली मालमत्ता अमक्याला" ही वाक्यं विसरू नका. खाडाखोड केलीच तर तिथेही शेतकऱ्याची आणि साक्षीदारांची सही हवी.

फेरफार_नमुना_सहा
मृत्यूनंतरचं थोडं. घाईघाईत आधी सगळ्यांची वारसनोंद लावायची आणि सहा महिन्यांनी मृत्युपत्र पुढे करायचं, हे करू नका, मग प्रत्येक नाव कमी करायला हरकत येते. मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र घेऊन तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) खबर द्या. सर्व वारसांना नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. हरकत आली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाऊन मंडळ अधिकाऱ्यापुढे चालतं. त्याच्या निर्णयावर प्रांताकडे 60 दिवसांत अपील. मृत्युपत्र खरं की खोटं हे महसूल अधिकारी ठरवत नाही, ते दिवाणी कोर्टाचं काम. वारसांना नोटीस पोचल्याची पोच फाइलला लागली की नाही ते बघा, बहुतेक फेरफार पुढे त्याच मुद्द्यावर उलटतात.